सहा चाळीसचं कोमट पाणी

गार पाण्याशी माणसाला भांडता येतं. अंगावर घेतलं की ओरडता येतं, दात वाजवता येतात, आपण किती सोसतोय ते घरच्यांना ऐकवता येतं. कढत पाण्याशी जपून वागता येतं. पण कोमट पाण्याचं काय करायचं, हे निरीक्षकांना बावन्न वर्षांच्या आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं. त्या सोमवारी सकाळी ते शॉवरखाली उभे होते, पाणी छान गरम येत होतं, आणि बघता बघता ते कोमट झालं. गार नव्हे, कोमट. पाठोपाठ भिंतीतल्या पाइपातून कोणीतरी घसा खाकरावा तसा आवाज आला. मग गुळगुळ. मग पुन्हा खाकरणं. निरीक्षकांनी मागे वळून पाहिलं. मागे फरशीची भिंत होती, दुसरं काय असणार? तरी त्यांनी आंघोळ अर्धवट टाकली आणि पंचा गुंडाळून ते बाहेर आले.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. सव्वीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडलेला माणूस. इमारतीत त्यांना सगळे निरीक्षकच म्हणायचे, बायको "अहो" म्हणायची आणि आई "बाळ्या" म्हणायची. खरं म्हणजे गेल्या अकरा महिन्यांत आई तेही फारसं म्हणत नव्हती. बाबा गेल्यापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायची. दोन घास खायची, विचारलं तर मान हलवायची.

"पाणी बिघडलंय," निरीक्षकांनी जाहीर केलं. "मध्येच कोमट झालं."

आईनं घड्याळाकडे पाहिलं. "सहा चाळीस झाले ना? मग कसं गरम येईल? तुझे बाबा आहेत आत. त्यांचं आटपू दे."

बायकोच्या हातातला कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला.

आता हे सांगायला हवं की बाबा हयात असताना बरोबर सहा चाळीसला आंघोळीला जायचे आणि सात पाचला बाहेर यायचे. एवढ्या पंचवीस मिनिटांत ते घरातलं सगळं गरम पाणी संपवायचे. आतून त्यांचं खाकरणं तीन खोल्यांत ऐकू यायचं. बाकीच्यांनी कोमट पाण्यावर भागवायचं, हा घरचा कायदाच होता. पण कायदा करणारा गेल्यावर तो कायदा पाइपांनी पाळायचं काही कारण नव्हतं.

सात वाजून पाच मिनिटांनी पाणी आपोआप गरम झालं. आणि आईनं दुसरा कप चहा मागितला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

मंगळवारी तेच झालं, बुधवारीही तेच. सहा चाळीसला खाकरणं, गुळगुळ, कोमट पाणी. सात पाचला सगळं शांत. आई आता सहाला उठून केस विंचरू लागली होती. बुधवारी तिनं कपाटातून बाबांचा टॉवेल काढला आणि पॅसेजच्या टोकाला जे बंद दार होतं त्याच्या मुठीवर अडकवला. सात पाचला तो काढून नीट घडी घालून आपल्या खोलीत नेऊन ठेवला. निरीक्षक आणि त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होते.

"हात लावून बघा ना," बायको कुजबुजली. "ओला आहे का."

"तू बघ."

"तुमचे वडील आहेत."

हा मुद्दा बिनतोड होता. आईचं लक्ष नाही असं पाहून निरीक्षकांनी घडीला एक बोट लावलं. टॉवेल किंचित दमट होता. हवाच दमट आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि दिवसभर ते बोट इतर बोटांपासून जरा लांब धरलं.

बायकोनं ताईला फोन केला नसता तर बरं झालं असतं, पण बायकांना अशा वेळी फोन केल्याशिवाय चैन पडत नाही. ताई म्हणजे निरीक्षकांची थोरली बहीण, दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात मेट्रन. तिच्या हाताखालच्या नर्सेसच नव्हे तर डॉक्टरही तिला पाहून बटणं लावून घेत.

"आईला भास होतायत," ताई म्हणाली. "रविवारी सकाळी येते आणि घेऊन जाते. इथं माझ्या डोळ्यांसमोर राहील."

आई मागे एकदा ताईच्या सातव्या मजल्यावरच्या घरी चार दिवस राहिली होती आणि चारही दिवस बॅग उघडायला तयार नव्हती. या घरातून तिला उचललं तर ती तिथे पोहोचेल, पण राहणार नाही, हे त्यांना कळत होतं. "ताई, आई ठीक आहे. पाणी बिघडलंय," ते म्हणाले. "रविवारपर्यंत दुरुस्त करून दाखवतो."

"आणि नाही झालं तर?"

"तर ने," निरीक्षक म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांनी जीभ चावली. पण ताईनं तोवर फोन ठेवला होता.

गुरुवारी ते कचेरीतला थर्मामीटर घरी घेऊन आले आणि शुक्रवारी पहाटेच वहीत रकाने आखून नळापाशी उभे राहिले. सहा पस्तीसला चोपन्न अंश. सहा एक्केचाळीसला सदतीस. सहा पन्नासला सदतीस. सात वाजता सदतीस. अपूर्णांकसुद्धा नाही. हे आकडे त्यांनी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना दाखवले, कारण हेडमास्तर सायन्स शिकवायचे.

"सदतीस," हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे जिवंत माणसाच्या अंगाचं."

ही गोष्ट निरीक्षकांच्या लक्षात आली नव्हती. ती न येती तर त्यांना रात्री झोप तरी लागली असती.

हेडमास्तरांनी निदान केलं की स्वयंपाकघरातून साऱ्या घराला पाणी देणाऱ्या गीझरच्या कॉइलवर क्षार साचलेत. उपाय, व्हिनेगर. निरीक्षकांनी गीझर उघडला, दोन बाटल्या व्हिनेगर ओतलं, आणि परत बंद करताना एक वॉशर कुठे जायचा ते विसरले. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं आणि सगळ्या घराला शाळेच्या प्रयोगशाळेसारखा वास सुटला. वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाई तो वास हुंगत खाली आल्या आणि म्हणाल्या, व्हिनेगर कसलं, थर्मोस्टॅट वाढवा. तो वाढवला. दुपारी भांडी घासताना बायको किंचाळली. हात लालबुंद झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. वकिलीणबाई तिच्या हाताला मलम लावताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू? जुन्या माणसाची काही इच्छा राहिली असेल. कधी कधी असतं असं."

"आमच्या खात्यात इच्छा मोजायचं साधन नाही," निरीक्षक ताठ मानेनं म्हणाले. पण त्यानंतर एकट्यानं पॅसेजमधून जायची वेळ आली की ते उगाच गुणगुणू लागत.

शेवटी ते इमारतीच्या कमिटीकडे गेले. कमिटीची कचेरी म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे उभं राहायचं तर मान तिरकी करावी लागे, त्यामुळे तक्रार करणारा आपोआप नम्र दिसे. सचिवांनी छापील फॉर्म पुढे सरकवला. त्यात तीन चौकोन होते: पाणी येत नाही, पाणी कमी येते, पाणी गळते.

"पाणी कोमट येते, हा चौकोन नाही," निरीक्षक म्हणाले.

"कारण ती तक्रार नाही," सचिव म्हणाले. "अहो, तुम्ही तर खूश असायला हवं. तुमच्याच घरचं काम झालं ना सोमवारपासून?"

"कसलं काम?"

सचिवांनी फाइल काढली. त्यात चार वर्षांपूर्वीचा एक अर्ज होता. अक्षर बाबांचं, तिरकं, प्रत्येक ओळीखाली रेघ. सकाळी गार पाण्याला जोर नसतो, तरी थेट लाइनीवर पंप बसवून तो ठीक सहा चाळीस ते सात पाच या वेळात चालवावा, ही नम्र विनंती. अर्ज चार वर्षं फिरत होता. एकदा कोरम नव्हता, एकदा शाई पसरली, एकदा तो दुसऱ्याच इमारतीच्या फाइलीत सापडला. गेल्या महिन्यात मंजुरी मिळाली, आणि सोमवारी पंप सुरू झाला.

"इथे अर्जदाराची सही हवी," सचिव म्हणाले. "समाधान झाल्याबद्दल."

"अर्जदार वारले."

सचिवांनी पेनाला टोपण घातलं. "मग वारसाची चालेल," ते म्हणाले, "पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल."

निरीक्षक मान तिरकी ठेवूनच बाहेर आले. पाणी सहा चाळीसला बदलत होतं ते बाबांच्या सांगण्यावरून! दुसरा कोणी असता तर पंप आणि पाइप यांचा संबंध जोडून मोकळा झाला असता. निरीक्षकांना फक्त ते तिरकं अक्षर दिसत होतं. भीती वाटली की माणसाची बुद्धी आधी जाते आणि पाय नंतर.

शनिवारी सकाळी साडेसहाला प्लंबर आला. बोलायला कमी, हातात अवजारांची पिशवी, कानामागे पेन्सिल.

"बाथरूम किती?" त्यानं विचारलं.

"एक," निरीक्षक म्हणाले.

प्लंबरनं गीझर बंद केला आणि गीझरकडून येणाऱ्या पाइपाचा कॉक घट्ट फिरवला. "आता गरम नळातून थेंबही येता कामा नये," तो म्हणाला. नळ उघडला. थोडं पाणी ओघळलं आणि थांबलं. सगळे नळाच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. सहा एकोणचाळीस. मग चाळीस. खाली तळमजल्यावर काहीतरी घरघरलं. भिंतीतून खाकरण्याचा आवाज आला. आणि बंद केलेल्या, कोरड्या, कुठूनही पाणी मिळायचा मार्ग नसलेल्या नळातून धो धो पाणी वाहू लागलं.

प्लंबर दोन पावलं मागे सरकला. हा त्याचा धंदा होता, आणि तो मागे सरकला हे पाहून निरीक्षकांची पाचावर धारण बसली.

"साहेब," प्लंबर म्हणाला, "घरात आणखी कोणी आहे का?"

"म्हणजे?"

"कुठेतरी गरम आणि गार, दोन्ही नळ उघडे आहेत आणि पुढचं तोंड बंद आहे. तिथून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. पंप सुरू झाला की जोरात घुसतं, पाइप खाकरतो तो त्यामुळे. हँड शॉवर असला की होतं असं. माणूस खटका सोडून देतो, पाणी थांबतं, त्याला वाटतं बंद झालं. नळ उघडेच राहतात." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "हँड शॉवर आहे का?"

"नाही," निरीक्षक म्हणाले.

"मग ते दार कसलं?"

सगळ्यांनी पॅसेजच्या टोकाकडे पाहिलं. मुठीवर टॉवेल लटकत होता. निरीक्षकांना अगदी खरोखर त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं की त्या दारामागे बाथरूम आहे. लोकांच्या मापात तोळाभर फरक पकडणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरातल्या बाथरूम मोजताना अर्ध्यानं चूक केली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण त्याला कारण होतं. बाबा त्या बाथरूममध्ये आंघोळ करताना पडले होते. त्याच संध्याकाळी आईनं दाराला कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली, आणि तेव्हापासून घरानं ते दार भिंतीत जमा केलं होतं.

"किल्ली घेऊन या," प्लंबर म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

निरीक्षक आईपुढे जाऊन उभे राहिले. मोठमोठ्या व्यापाऱ्यांना त्यांनी तराजू आणायला लावले होते. आता त्यांनी नुसता हात पुढे केला. "आई, ती किल्ली..."

"आत त्यांचं चाललंय," आई शांतपणे म्हणाली. "मध्येच दार कसं उघडायचं?"

ते परत आले. प्लंबरनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून दुसरा उपाय सुचवला. बाहेरच्या, पाइप जातात त्या डक्टमधून त्या बाथरूमची लाइनच कापून टाकू. कोणाला कळणार नाही, उद्या पाणी गरम. निरीक्षकांना एवढंच हवं होतं. ताई येईल, पाणी गरम असेल, आई इथेच राहील. त्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं.

"नको," ते म्हणाले. "त्यांचं पाणी तोडायचं नाही."

आपण हे बोललो यावर त्यांचाच विश्वास बसेना. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. प्लंबरनं मात्र अवजारं पिशवीत टाकली. उद्या येतो म्हणाला आणि कॉक पुन्हा उघडून गेला.

रविवारी ताई साडेसहालाच हजर झाली. मोकळी बॅग घेऊन आली होती, आईचे कपडे भरायला. मागोमाग प्लंबर आला. आई टॉवेल अडकवून पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसली होती.

"आई, किल्ली दे," ताई वॉर्डात बोलते त्या आवाजात म्हणाली. "हे सगळं आता थांबायला हवं. तू माझ्याकडे चल."

तेवढ्यात सहा चाळीस झाले. खालून घरघर आली आणि बंद दाराआडून, अगदी स्पष्ट, घसा खाकरला गेला.

"बाबा?" ताईच्या तोंडून निघून गेलं. ती मटकन बॅगेवर बसली. तिनं शेकडो मरणं पाहिली होती. पण हे खाकरणं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, आणि तिचा रंग पार उतरला.

"घाबरू नकोस," आई म्हणाली. "ते नाहीत तिथे. मला काय वेड लागलंय? पाइप वाजतोय, मला माहीत आहे."

आता सगळेच तिच्याकडे पाहू लागले.

"त्या दिवशी आवाज झाला तेव्हा मी आत गेले," आई म्हणाली. "त्यांच्या हातात तो शॉवर तसाच होता. मी सोडवून घेतला तर पाणी आपोआप थांबलं. मग तुम्ही आलात, उचललंत, नेलंत. संध्याकाळी मी आत पाहिलं, दोन्ही नळ उघडेच होते. बंद करायचे होते फक्त. हात धजावला नाही. अर्धी आंघोळ राहिली होती रे त्यांची. म्हटलं, असू देत. कुलूप लावलं. आणि परवा अकरा महिन्यांनी आवाज आला, पाणी कोमट झालं. वाटलं, होऊ दे पुरी. आपण कशाला घाई करायची?"

ताई ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. प्लंबर पिशवीतलं एक अवजार काढून उगाच पुसत बसला. निरीक्षकांना काय करावं सुचेना, म्हणून ते आईच्या खुर्चीशी जमिनीवर बसले. दाराआड पाणी मधूनमधून गुळगुळत राहिलं आणि पाच माणसं एका रिकाम्या बाथरूमबाहेर कोणाचं तरी आटपायची वाट पाहत बसून राहिली.

सात पाचला पंप थांबला. आई उठली. कमरेची किल्ली काढून तिनं स्वतःच कुलूप उघडलं.

आत धूळ होती. साबणाला भेगा पडल्या होत्या. हँड शॉवर खुंटीवर मान टाकून लोंबत होता. प्लंबर पुढे झाला तसा आईनं हात आडवा केला. तिनं गरम पाण्याचा नळ धरला आणि हळूहळू फिरवून बंद केला. मग गार पाण्याचा धरला. तो अडकला होता. तिनं दोन्ही हात लावले, जोर केला, थांबली.

"बाळ्या," ती म्हणाली, "हा तू लाव रे. मला नाही जमत."

निरीक्षकांनी नळ फिरवला. तो करकरला आणि बसला.

आई बाहेर येऊन ताईला म्हणाली, "आणि तुझी बॅग आत ठेव. आलीच आहेस तर चार दिवस राहा. मी कुठे येत नाहीये." ताईनं डोळे पुसले, बॅग उचलली आणि मुकाट्यानं आत नेऊन ठेवली. मेट्रन झाल्यापासून तिनं कोणाचं ऐकल्याची ही पहिलीच वेळ असावी.

सोमवारी सहा चाळीसला निरीक्षक शॉवरखाली उभे होते. खाली पंप घरघरला. पाइपातून काहीच आवाज आला नाही. पाणी गरम होतं आणि गरमच राहिलं. थर्मामीटर लावायची गरज नव्हती. त्यांनी पैज जिंकली होती, आई घरात होती, नळ दुरुस्त होता. आता मिटक्या मारत आंघोळ करायची एवढंच बाकी होतं. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आज आपल्याआधी कोणाचाच नंबर नव्हता. सगळं पाणी आपलंच आहे. अकरा महिने ते दाखले काढत होते, सह्या करत होते, आईकडे बघा म्हणून लोकांना सांगत होते. बाबा नाहीत, हे त्यांना त्या मिनिटाला समजलं. ते भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. पाणी वाहत होतं म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.

दारावर थाप पडली. "बाळ्या! किती वेळ? तुझ्यामागे माणसं आहेत."

ते कपडे करून बाहेर आले. आई हातात कपडे घेऊन दारातच उभी होती. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"साबण गेला वाटतं डोळ्यात," ती म्हणाली.

"हो."

"माझ्याही जातो रोज," असं म्हणून आई आत गेली आणि तिनं कडी लावली.